परडी रिकामी होईपर्यंत

शिरूरच्या बाजारपेठेत, मशिदीकडे वळणाऱ्या बोळाच्या तोंडाशी आमचं फुलांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक ओटा आणि वर पत्रा. पण लग्नसराईत त्या ओट्यापुढे पार नगरकडची माणसं येऊन उभी राहायची. अम्माच्या हातचा सेहरा बांधला की कसलंही पोरगं नवाब दिसतं, असं लोक म्हणायचे. मी म्हणायचे, सेहऱ्यानं तोंड झाकतं, म्हणून दिसतं.

माझी जीभ अशीच. आमच्या बोळातल्या शेळ्यासुद्धा मला वाट सोडायच्या.

अब्बा गेले त्याच्या पुढच्याच वर्षी अम्माचे डोळे गेले. काचबिंदू. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि आता उपयोग नाही म्हणून सांगितलं. घरी आल्यावर अम्मा हट्टानं सेहरा ओवायला बसली. एका सेहऱ्याला पुष्कळ लडी असतात, म्हणजे पट्टीपासून खाली लोंबणारे फुलांचे सर. कुठली लड कुठवर आली, गुलाब घातला की घालायचा राहिला, ते तिला उमगेना. एक लड हातभर, दुसरी वीतभर. शेवटी तिनं सगळा झुबका अंगणात फेकून दिला आणि तोंडात पदर कोंबून रडली. खुर्शिद फुलवाली म्हणून जिचं नाव तालुक्यात घेत होते, तिला मी तशी बघितली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. मी तो झुबका उचलून आणला, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "अम्मा, मी बोलती. तू निसता हात चालव."

तेव्हापासून आमच्या घरात त्याला 'बोलणं' असंच म्हणायला लागले. डाव्या हाताला मोगऱ्याच्या कळ्यांची परडी, तिच्याशेजारी तांबडे गुलाब, मग पांढरे गुलाब, मग जरीची तार. "दोन कळ्या. तांबडा. दोन कळ्या. पांढरा. गाठ. पुन्यांदा तसंच." ज्याच्या घरचा सेहरा त्याच्या हौसेप्रमाणं नक्षी बदलायची, ती माझ्या डोक्यात असायची आणि तोंडातून अम्माच्या बोटांत उतरायची. लड पुरेशी झाली की मी म्हणायचे, "बस." अम्मा सुई थांबवायची. गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही की ओवणारीला काही दिसत नाही. बोळातली एक बाई एकदा म्हणाली होती, आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. तिला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दौंडला माझे मामू राहायचे, मीरासाहेब. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. त्यांचा मुलगा इनुस. मदिना इनुसला द्यायची हे आम्ही दोघं पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं, आणि असं ठरवलेलं एरवी कुणाला आवडत नाही, पण मला आवडलं होतं. इनुस पुण्याला बी.एस्सी. झाला, रेल्वेतच मुंबईला कारकून लागला, आणि सासष्ट साली त्याच्या ऑफिसात जी नवी हिशेबाची मशीन आली, ती शिकायला ज्या थोड्या पोरांना निवडलं त्यात त्याचं नाव आलं. मामूंनी दौंड स्टेशनात ओळखीच्या सगळ्या गार्डांना पेढे वाटले.

लग्न मात्र अडून बसलं होतं. अडण्याचं कारण मीच. मी दौंडला गेले तर अम्मापाशी बोलणार कोण? मामूंनी सांगितलं, "आक्काला पण घिऊन येतो, आमच्याच घरात राहील." अम्मा म्हणाली, "भावजयीच्या हातची भाकर खाऊ व्हय? मेल्यावर न्या." फुलाचं दुकान बंद करून भावाच्या दारात बसायचं, हे तिच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. आणि तिला एकटी टाकून जाणं माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मामी प्रत्येक ईदला विचारायची, "मग, कवा?" आणि मी शीरखुर्म्याची वाटी तिच्या हातात द्यायचे.

एका रविवारी इनुस आला. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं दौंड, आणि सकाळच्या एस.टी.नं शिरूर. मी अम्मापाशी बोलत होते. तो दारात चपला हातात धरून किती वेळ उभा राहिला, कुणास ठाऊक. अम्माची लड झाली तसा म्हणाला, "मदिने, हेच तर मी दिवसभर करतो."

"फुलं ओवतोस?"

"न्हाई ग. बोलतो."

मग त्यानं सांगितलं. मशीन कपाटांएवढी, गार खोलीत ठेवलेली. ती फार जलद, पण तिला स्वतःचं काहीच कळत नाही. काय करायचं, किती वेळा करायचं, कधी थांबायचं, हे सगळं ओळीओळीनं लिहून, कार्डांना भोकं पाडून तिला द्यायचं. एक ओळ विसरली की ती विसरलेलंच करत बसते. त्या ओळींना प्रोग्रॅम म्हणतात.

"आमच्या वर्गात दोन तट पडलेत," तो म्हणाला. "निम्मे म्हणत्यात हे शास्त्र हाय, निम्मे म्हणत्यात कला. जेवायच्या सुट्टीत निसती भांडणं."

"आन् तू?"

"मी शास्त्राचा. हे बघ, जे कागदावर उतरवून दुसऱ्याच्या हातात दिता येतं ते शास्त्र. ज्याच्यापायी त्याच माणसाला बोलवावं लागतं, ती कला."

"मग माझं बोलणं कला हाय," मी जरा तोऱ्यातच म्हणाले. कुणी मला कधी कलावंत म्हटलं नव्हतं, मीच म्हणून घेतलं.

इनुस हसला नाही. अम्मा आत हात धुवायला गेली होती. तो हळूच म्हणाला, "कला आसंल तर तू जलमभर हितंच बसणार. शास्त्र आसंल तर दौंडला येणार. काय पायजे ते सांग."

त्या क्षणापासून मी शास्त्राच्या बाजूची झाले. अगदी मनापासून. नमाज झाल्यावर हात वर करून मी तेच मागायचे, की या अल्ला, हे शास्त्रच असू दे.

मग तो दर पंधरवड्याला यायला लागला, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून ओट्यावर बसायला लागला. मी बोलायचे, तो लिहायचा. लिहिताना असे प्रश्न विचारायचा की डोकं फिरावं.

"लड किती लांब?"

"पुरेशी."

"पुरेशी म्हंजी किती?"

"नवरदेवाच्या छातीपातुर."

"आन् नवरदेव हितं नसतो, मग तुला कसं कळतं, आता बस म्हणायचं?"

खरंच, कसं कळायचं? विचार करून पाहिला तेव्हा ध्यानात आलं की प्रत्येक लडीला मी कळ्यांची परडी नव्यानं भरत होते. उंच नवरा असला तर शिगोशीग, बुटका असला तर काठोकाठ. परडी संपली की लड झाली. हे मी कुणाकडून शिकले नव्हते आणि मला ते माहीतही नव्हतं. इनुसनं ते माझ्यातून काढलं, एखाद्यानं पायातला काटा काढावा तसं. खूश होऊन त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, "परडी रिकामी होईपर्यंत ओवत जा. रिकामी झाली की गाठ. मग पुढची लड." म्हणाला, "ही एक ओळ बघ, मदिने. सगळा सेहरा हिच्यावर उभा हाय."

ते दिवस माझे सुखाचे होते. खोटं कशाला सांगू. तो वाकून लिहायचा तेव्हा त्याच्या मानेवरची कॉलर उसवलेली दिसायची आणि मला वाटायचं, चार महिन्यांत ही कॉलर मी शिवीन.

कागद वाचायला आम्ही नकुशीला धरलं. नकुशी शेजारीच माहेरी राहायची. नवऱ्यानं टाकलेली, चौथी पास, आवाज खणखणीत. तिला काम हवं होतं आणि आम्हाला तोंड हवं होतं. इनुसनं तिला बजावलं, "कागदात आसंल तेवढंच बोलायचं. एक शब्द जास्त न्हाई, एक कमी न्हाई." साध्या हारांवर घेऊन पाहिलं. नकुशी वाचायची, अम्माचा हात चालायचा, हार बिनचूक. मी चुलीपाशी बसून ऐकायचे आणि आनंदानं पोळी करपवायचे.

अम्मा या सगळ्यावर काही बोलली नाही. एकदाच तिनं विचारलं, "इनुस, ह्या कागदात माझं काय हाय रे?"

"तुमी व्हय, फुपी? तुमी हात."

"व्हय," अम्मा म्हणाली. "हात."

खरी परीक्षा एप्रिलात आली. न्हावऱ्याच्या एका घरचं लग्न होतं, सेहरा दुपारी न्यायला येणार होते. इनुसनं अट घातली, की त्या दिवशी मी घरात थांबायचं नाही. "तू समोर असलीस की न बोलतासुदीक बोलतीस," तो म्हणाला. मी मैत्रिणीकडे, बानूबाईच्या घरी गेले आणि तिचे निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसले. इनुस एस.टी. स्टँडवरच्या कँटीनमध्ये चहा पीत बसला. सेहरा धड झाला तर मामू त्याच आठवड्यात तारीख पक्की करायला येणार होते.

दुपारी आम्ही दोघं दोन दिशांनी घराशी पोहोचलो. दारातच मोगऱ्याचा सर पडला होता. मला वाटलं तुटून पडला असेल. उचलला, तर तो ओढता ओढता आत अम्माच्या मांडीपर्यंत गेला. एकच लड. विहिरीत पोहरा सोडता आला असता एवढी. तिच्याशेजारी तसलीच आणखी एक, आणि अम्माच्या हातात तिसरी, अजून चालूच. घरातली सगळी फुलं त्या तीन लडींनी गिळली होती.

आणि शेजारी शेवंताबाई बसली होती, हसतमुख. नाव शेवंताबाई, पण मळा मोगऱ्याचा. घोडनदीच्या काठावरून आमची फुलं तीच आणायची. त्या दिवशी फुलं टाकून ती घटकाभर टेकली होती. लग्नाच्या कामात फुलांची परडी रिकामी दिसू द्यायची नाही, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. हिंदू असो, मुसलमान असो. रिकामी परडी म्हणजे नवरीची ओटी रिकामी. ओवणारीला ते लागू नसतं, पण परडीचा तळ दिसायला लागला की जवळ बसलेल्या बाईनं ओंजळभर फुलं टाकायचीच. शेवंताबाईनं तेच केलं. तळ दिसला की ओंजळ, तळ दिसला की ओंजळ. घरात मी असताना ती असंच करायची, पण मी डोळ्यांनी बघून "बस" म्हणत होते. कागदाला डोळे नव्हते. कागदात लिहिलं होतं, परडी रिकामी होईपर्यंत.

"मला बी वाटलं लई लांब व्हायलीय," नकुशी रडकुंडीला येऊन म्हणाली. "पर एक शबुद जास्त बोलायचा न्हाई म्हणला हुता."

तेवढ्यात न्हावऱ्याची माणसं आली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं लड उचलून पाहिली आणि म्हणाला, "उतावळा नवरा आन् गुडघ्याला बाशिंग, आसं ऐकलं हुतं. ह्ये तर गुडघ्याच्या बी खाली गेलं." सगळे हसले. मग हसणं संपलं आणि शिव्या सुरू झाल्या. नवरदेव शेवटी बाजारातला जरीचा तयार सेहरा बांधून गेला. अम्माच्या तीस वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

अम्मा तशीच बसून होती. बोटांना सुया टोचलेल्या. ती म्हणाली, "मला जसं सांगितलं तसं मी केलं, बाबा."

आणि इनुस हसला.

वाईट मनानं नाही. आज मला ते कळतं. इतका वेळ तो तोंडात बोट घालून त्या लडीकडे बघत उभा होता, आणि चूक नेमकी कुठं आहे ते सापडलं, म्हणून तो हसला. त्याच्या कामात असंच असेल; चूक सापडली की अर्धं काम झालं. म्हणाला, "अगं एवढंच व्हय! एक ओळ घालायची, मदिने. 'किंवा लड दीड हात झाली की.' निसती एक ओळ! पुढच्या खेपेला..."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी आंधळी आई चारचौघांत हसू होऊन बसली होती, आणि हा एका ओळीचं सांगत होता.

"ती माझी अम्मा हाय," मी ओरडले. "तुझी मशीन न्हाई. हे शास्त्र न्हाई न् काय न्हाई. कला हाय ही. जा, जाऊन सांग तुझ्या वर्गात."

त्याचं हसू गेलं. "मनापासनं म्हणतीस?"

"व्हय."

राग उतरल्यावर माणूस शब्द परत घेतं. मीही घेतले असते. इनुस ती ओळ घालून, कागद नीट करून पुन्हा आला, एकदा नाही, दोनदा. पण अम्मा बसेना. "दुसऱ्याच्या आवाजावर माझा हात चालत न्हाई," एवढंच ती म्हणाली, आणि त्यावर इनुसजवळ घालायला ओळ नव्हती. माझ्याजवळही नव्हती. आंधळ्या आईला आणखी किती हरवायचं? मी पुन्हा तिच्यासमोर बसले. दोन कळ्या, तांबडा, दोन कळ्या, पांढरा, गाठ. इनुसचं येणं महिन्यावर गेलं, मग ईदेवर, मग थांबलं.

दोन वर्षांनी मामू आले. ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. दौंडातल्याच एका गार्डाच्या मुलीशी, नजमुन्निसाशी, इनुसचं ठरलं होतं. "किती दिस थांबवायचं पोराला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग अम्माला म्हणाले, "आक्का, सेहरा फुपीच्या घरचाच लागतो. तुला ठावं हाय."

ठाऊक होतंच. नवरदेवाचा सेहरा त्याच्या फुपीनं, म्हणजे आत्यानं, द्यायचा, ही आमची रीत. भाच्याला सेहरा दिला नाही तर बहीणभावाचं नातं तुटलं असंच लोक समजतात. अम्मा म्हणाली, "दीन की. माझ्या हातचा दीन."

लग्नाच्या दिवशी शेवंताबाई उजाडायच्या आत फुलं ठेवून गेली. ती थांबली नाही. तिलाही सगळं माहीत होतं. अम्मानं हातपाय धुतले, परड्या चाचपून जागेवर ठेवल्या, सुई ओवून घेतली. सुई ती स्वतःच ओवायची, जिभेनं.

"बोल, मदिने."

"मी न्हाई बोलायची."

"आगं, इनुसचा सेहरा..."

"त्याचाच हाय म्हणून न्हाई. नकुशीला बोलव. भिंतीला बोलव. माझ्या तोंडातनं ह्या सेहऱ्याची एक कळी निघायची न्हाई."

मी मागच्या अंगणात गेले आणि राखेनं भांडी घासायला बसले. घासलेलीच भांडी घासली. घरातून काही आवाज येत नव्हता. मला वाटलं, आत बसून रडत असेल. रडू दे. इनुस जाऊ दे बाजारचा सेहरा बांधून. माझ्या मनात तेव्हा कुणाविषयीही दया नव्हती, आणि सगळ्यांत कमी स्वतःविषयी होती. ऊन भिंतीवरून खाली आलं, माझ्या पाठीवर आलं. घशाला कोरड पडली म्हणून मी पाणी प्यायला आत गेले.

अम्मा शेवटच्या लडीला गाठ मारत होती.

समोर खुंटीला सेहरा टांगला होता. सगळ्या लडी एकसारख्या. तांबडा गुलाब तांबड्याच्या जागी, पांढरा पांढऱ्याच्या. मधल्या दोन लडींत तिनं गुलाबाऐवजी निव्वळ कळ्या घेतल्या होत्या, बारक्या बारक्या, आत जर, म्हणजे नवरदेवाच्या डोळ्यांपुढं ओझं नको. ही नक्षी मी कधी बोलले नव्हते. मला ती सुचलीच नसती. इतका देखणा सेहरा आमच्या घरातून मी बाहेर पडताना कधी पाहिला नव्हता.

"अम्मा," मी म्हणाले, "हे कसं केलंस?"

तिचे हात थांबले. मी आत आल्याचं तिला कळलं नव्हतं.

"हातानं," ती म्हणाली.

"मी बोलले न्हाई."

"न्हाई बोललीस."

"कवापासनं येतंय तुला?"

तिनं सुई पदराला टोचली. "पहिल्याच वर्सी हात बसला व्हता," ती म्हणाली. "पहिल्या पावसाळ्यातच."

मी खाली बसले. मी सोळाची होते तेव्हापासून रोज त्या चटईवर बसून बोलत होते. घसा बसायचा, ताप असायचा, तरी बोलत होते.

"मग मला का बसवलंस?"

"तू बोलायचीस..." तिनं समोरची परडी चाचपली. "तुझा अब्बा गेला, मग डोळं गेलं. अंधारात निसतं बसल्यावर आपुन हाय का न्हाई, तेच कळत न्हाई, मदिने. तू बोलायला लागलीस की वाटायचं, हाय मी. समोर माझी पोर हाय. आज सांगू, उद्या सांगू आसं करता करता... मग कसं सांगायचं?"

"आन् त्या दिवशी? ती लड दारापातुर गेली. तुझ्या हाताला कळलं न्हाई?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. मला हवं होतं तिनं नाही म्हणावं. खोटं बोलली असती तरी मी आयुष्यभर ते खरं मानलं असतं.

"कळलं," अम्मा म्हणाली. "पहिल्याच लडीला कळलं."

मी खुंटीवरचा सेहरा काढला. तो फाडायचा, पायाखाली घालायचा, हेच माझ्या मनात होतं. अम्मानं आवाज ऐकला, पण हात पुढं केला नाही. मान खाली घालून बसली, मार खायची तयारी असल्यासारखी. तिच्या बोटांवर ताज्या टोचण्या होत्या. मला तिचा इतका राग आला होता की डोळ्यांपुढं काही दिसेना, आणि त्याच वेळी मला तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडायचं होतं. दोन्हींपैकी मी काहीच केलं नाही. ओलं फडकं आणलं, सेहरा त्यात गुंडाळला, आणि दौंडची एस.टी. पकडली. अम्मा माझ्याबरोबर येणार होती. मी तिला ये म्हटलं नाही.

सगळ्या वाटेनं तो ओला भार मी मांडीवर धरून बसले. न्हावरा गेलं. मला एवढंच वाटत होतं, की इनुसचा कागद बरोबर होता. त्या ओळीशिवायही बरोबर होता. कागद लिहायचीच गरज नव्हती. मी त्या रविवारी, तो चपला हातात घेऊन उभा असताना, उठून त्याच्याबरोबर गेले असते तरी शिरूरच्या ओट्यावर फुलं ओवली गेली असती.

रेल्वे क्वार्टरच्या दारात मांडव होता, बँडवाले चहा पीत होते. मामींनी मला बघून पदर सावरला आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. इनुस नवी शेरवानी घालून खाटेवर बसला होता. मामू बाहेर गेले होते. मी फडकं सोडलं. त्यानं सेहरा हातात घेतला आणि एक लड बोटांमधून हळूहळू सोडली. मग मधल्या लडी पाहिल्या. बारक्या कळ्या, आत जर. 

"तूच बोललीस ना?" त्यानं विचारलं.

मी फडक्याची घडी घालायला लागले.

"दोन वर्सं मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो, मदिने," तो म्हणाला. "ती एक ओळ घातली की झालं असतं, आसं मला वाटायचं. ऑफिसात बसल्या बसल्या वाटायचं. फुपीनं आयकायला पायजे हुतं, तू आयकायला पायजे हुतं. आज हे बघितलं आन् पटलं. हे कागदावर उतरत न्हाई. तू बोलल्याबिगर फुपीच्या हातातनं हे निघणं शक्य न्हाई. तूच खरी हुतीस. ही कलाच हाय."

त्याचे डोळे भरले होते. त्याचं मन निवलं होतं, असं मला वाटलं. दोन वर्षं ठसठसणारं काहीतरी शांत झालं होतं, कारण आता त्याच्या लेखी ते कुणाच्याच हातात नव्हतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बाहेर घोडा आला होता. नजमुन्निसा मेंदी लावून बसली असेल, तिचा काय गुन्हा? आणि मी ते वाक्य बोलले असते तर मामू आपल्या बहिणीच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नव्हते. अम्माला मी सोडून दुसरं कुणी नव्हतं, आणि आता मलाही तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले. "मी सांगतच हुते तुला."

मामू आत आले. इनुसनं मान खाली घातली. मामूंनी सेहरा बांधला, लडी सारख्या केल्या, आणि त्याचा चेहरा मला दिसेनासा झाला.